एका खोक्यात एक घर

बसा हो, बसा. खुर्ची डुगडुगते, पण आजवर कुणाला पाडलं नाही तिने. तुम्ही या इमारतीत नवीन, सामानही अजून उघडलं नसेल, म्हणून म्हटलं आधी एक गोष्ट कानावर घालावी. निम्मी हसायची आहे. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला गोष्ट शिस्तीत सांगता येत नाही, मधेच मागे जातो, मधेच पुढे. तेवढं सांभाळून घ्या.

पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून आमचा लिफ्टवाला राहतो. सगळी इमारत त्याला लिफ्टवाले काकाच म्हणते. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला त्याचा. दवाखान्यांच्या लिफ्ट, ऑफिसांच्या, एका भल्यामोठ्या दुकानाची तर इतकी जुनी की तिला तो म्हातारी म्हणायचा. त्या कामात माणूस सारखा भिंतीच्या आत असतो. लिफ्टच्या छपरावर बसायचं, तोंडात बॅटरी धरायची, आणि दोरांना वंगण लावायचं. दरवाजापलीकडे माणसं उभी असतात, बोलतात, भांडतात, एखादी बाई हळूच रडूनही घेते, आणि ह्याला सगळं ऐकू येतं. दिसत मात्र कुणी नाही. तोच एकदा म्हणाला होता, "मी लोकांना आवाजावरून ओळखतो आणि लोक मला वंगणाच्या वासावरून." घरी आल्यावरही तो तसाच, भिंतीच्या आत असल्यासारखा. बायको बोलायची आणि हा ऐकायचा. बायको होती तोवर त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण त्या घरातून आवाज यायचा ना, मग झालं.

तर समुद्रापलीकडे तो भूकंप झाला तेव्हाची गोष्ट. बंदराचं अख्खं शहर आडवं झालं आणि वरून पाणी आलं. आमच्याकडेही माणसं हलली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तळमजल्याचा हॉल उघडला, आणि तिसऱ्या मजल्यावरचा विमावाला पोतं घेऊन दारोदार फिरायला लागला. माणूस चांगला, तोंडाला मात्र झाकण नाही. त्याच्याबरोबर नर्सबाई, एका मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिफ्टवाल्याची बेल वाजवली. ह्याने दार उघडलं आणि विमावाला सुरू झाला, "काका, जुनंपानं काही? ब्लँकेट, स्वेटर, काहीही चालेल. फाटकं तेवढं नको, बाई ओरडतात." हा आत गेला, एक ब्लँकेट आणलं, दिलं. विमावाल्याने ते पोत्यात कोंबलं आणि जाता जाता म्हणाला, "तुमचं बरंय बघा काका, पोरगा जहाजावर. पाण्यावर म्हणे भूकंप लागतच नाही." आणि हसला. लिफ्टवालाही हसला. हसणं भागच होतं. दार लावलं तरी तोंड तसंच राहिलं हसलेलं, ते जागेवर आणायला हात लावावा लागला म्हणाला. कधीकधी लिफ्टचा दोर बोटभर सरकतो. आतल्या माणसांना पत्ताही लागत नाही, ती आपली आरशात केस नीट करत असतात. छपरावर बसलेला मात्र हाताला येईल ते घट्ट धरतो. तसं झालं त्याला, स्वतःच्या घरात, सपाट जमिनीवर.

कारण पोरगा जहाजावर नव्हताच. कधीच नव्हता. पोरगा त्याच शहरात होता, जे आडवं झालं होतं. तिथल्या हॉटेलांच्या लिफ्ट सांभाळायचा. म्हणजे बापाचंच काम, पण जरा चकचकीत. आणि हे इमारतीत कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोही चारचौघांत 'समुद्रापलीकडे असतो' एवढंच म्हणायची.

आता हे जहाज कुठून आलं, ते ऐका. पोरगा उंच. बाप हा एवढा, आई त्याहून बुटकी, आणि पोरगा ताडमाड. बापाबरोबर काम शिकायला जायचा तेव्हा दर दोन दिवसांनी डोकं आपटून यायचा, डाव्या भुवईवर तर कायमची खूण. बाप चार माणसांत म्हणायचा, "ह्याला देवाने माळ्यावरचे डबे काढायला जन्माला घातलाय." माणसं हसायची, पोरगाही हसायचा. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही त्यांचं. त्यासाठी बोलावं तरी लागतं. मग पोरगा तिकडे गेला आणि दर रविवारी फोन यायला लागला. फोन आई घ्यायची. खुर्ची ओढून, पाय वर घेऊन, जग विसरून बोलायची. शेवटी म्हणायची, "थांब, बाबांशी बोल." मग, "अहो, घ्या, बोला." हा घ्यायचा. दोन्ही हातांनी धरायचा, जड असल्यासारखा. म्हणायचा, "बरा आहेस ना?" तिकडून, "हो बाबा. तुम्ही?" "मी बरा. घे, आईकडे देतो." झालं. इतकी वर्षं बापलेक एवढंच बोलले, आणि दोघांनाही ते पुरत होतं असं मला वाटतं, कारण मधे ती होती. तिच्यातून ये-जा चालायची. पोरगा काय खातो, कुणाकडे राहतो, केस पांढरे व्हायला लागले की काय, हे सगळं बापाला कळायचं ते तिच्याकडून, जेवताना, दुसऱ्याच्या घरातली बातमी असल्यासारखं.

मग ती गेली. दोन दिवसांचा ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. माणसं जमली, कुणीतरी विचारलं, "मुलाला कळवलं का?" आणि हा, ज्याला एरवी एक वाक्य बोलायला घाम फुटतो, त्याच्या तोंडून पट्कन निघालं, "जहाजावर आहे तो. कळवता येत नाही." कुठून आलं जहाज? मी एकदा विचारलं. म्हणाला, "मला वाटलं, लांब आहे म्हणालो तर फोन लावा म्हणतील. फोन लावला तर मला बोलायला लावतील." माणसांनी च्यक च्यक केलं, पाठीवर हात ठेवला, नर्सबाईंनी चहा करून पाजला. आणि जहाज राहिलं ते राहिलं. पुढच्या रविवारी फोन वाजला. ह्याने घेतला. पोरगा म्हणाला, "बाबा, आईला द्या ना." ह्याने मागे वळून पाहिलं. सवयीने. खुर्ची होती. म्हणाला, "झोपलीय." तिकडून, "बरं. झोपू दे." एवढंच. त्या 'झोपू दे'ला जी माया होती ना, ती ह्याच्या कानात बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही झोपलीय. त्यानंतरच्या रविवारी ह्याने फोन उचललाच नाही. टेबलावर फोन थरथरायचा, थरथरता थरथरता कडेला यायचा, आणि हा तो पडू नये म्हणून तळवा आडवा धरून उभा. उचलायचा नाही. पडूही द्यायचा नाही. पुढे मामाने म्हणजे बायकोच्या भावाने पोराला खरं कळवलं. त्या संध्याकाळी फोन खूप वेळा वाजला. मग थांबला. मग रविवार आले आणि गेले, दुसऱ्या कुठल्याही वारासारखे.

विमावाला पोतं घेऊन गेला तेव्हा हे सगळं एकदम वर आलं. ह्याने फोन काढला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नंबर लावला. तिकडून एक बाई बोलली, त्यांच्या भाषेत. गोड आवाज, शांत, जरा थकलेला. दोन वाक्यं बोलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. यंत्रातली बाई ती, लागत नाही, नंतर प्रयत्न करा, असलंच काहीतरी सांगत असणार. पण ह्याला ते कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हटल्यावर त्यात काहीही असू शकत होतं. ती म्हणत असेल, तो बरा आहे. किंवा म्हणत असेल, झोपलाय. हा ऐकत राहायचा. सकाळी ऐकायचा, दुपारी ऐकायचा. तिची श्वास घ्यायची जागा त्याला पाठ झाली. एकदा तर तिचं बोलणं संपल्यावर "बरं" म्हणाला आणि मग एकट्यालाच लाज वाटली.

घरात फोन आणि ती बाई, म्हणून हा खाली हॉलमध्ये जायला लागला. हॉलमध्ये तेव्हा नुसता बाजार होता. एका बाजूला कपड्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल आणि त्यामागे इस्त्रीवाल्या काकू, आणि बाहेर अंगणात माणसांनी घरातल्या नको असलेल्या वस्तू विकायला मांडलेल्या. दिवे, पिंजरे, न वाजणारी घड्याळं. एकमेकांचा जुना कचरा एकमेकांना विकून ट्रकच्या आणि जहाजाच्या भाड्याचे पैसे उभे करत होते. विमावाल्याने स्वतःचाच पंखा चुकून परत विकत घेतला, त्यावरून त्याची बायको आजही त्याला सोडत नाही. नर्सबाईंचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी भिंतीवर नाही, प्रत्येकाच्या डोक्यात ठोकला होता. एका खोक्यात एक घर. म्हणजे काय, तर एका खोक्यात एका बाप्याचे कपडे, एका बाईचे, दोन पोरांचे, ब्लँकेटं, साबण, एक पातेलं. त्या म्हणायच्या, "शर्टांचं खोकं वेगळं, पातेल्यांचं वेगळं, असलं काही करायचं नाही. तिथे उघडलं की रांगेत पहिल्याला दहा शर्ट आणि शेवटच्याला दहा झाकणं. ज्याच्या हातात खोकं पडेल त्याच्या हातात घर पडलं पाहिजे." मग माणसं खोकी भरता भरता घरं रचायला लागली. "ह्या घरातली बाई जाड आहे बरं का." "ह्याच्या पोरीला निळा आवडतो." हसत खिदळत काम चालायचं. कुणाचं कोण नव्हतं तिकडे, म्हणून हसता येत होतं. ज्याचं होतं तो कोपऱ्यात बसून खोकं भरत होता.

आणि सोय तर अशी होती की विचारू नका. तिथल्या छावणीत नर्सबाईंची एक जुनी मैत्रीण कामाला लागली होती. तिच्याकडे कुठलासा खास फोन होता, तो लागायचा. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचा एक ओळखीचा तिने शोधून दिला, पाय मोडलेला पण जिवंत. शिंपी हॉलमध्ये नाचायचाच बाकी राहिला. लिफ्टवाला हे कोपऱ्यातून पाहत होता. एक तोंड उघडायचं, बस. बाई, माझा मुलगा तिथे आहे. पण ते वाक्य एकटं येणार नव्हतं ना. त्याच्यामागे दुसरं येणार होतं, मग जहाज काय होतं. त्याच्यामागे तिसरं, म्हणजे आई गेल्याचं तुम्ही पोराला सांगितलंच नाहीत. ज्या माणसांनी पाठीवर हात ठेवले होते त्यांच्यासमोर. त्या हातांचं आता काय करायचं? परत द्यायचे? तो बसल्या बसल्या ते वाक्य जुळवायचा, आणि घशापर्यंत आलं की कुणीतरी हाक मारायचं, "काका, तो ढीग इकडे सरकवा." आणि ह्याला सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची.

हात मात्र काम करत होते. हातांना काय, ते नेहमीच त्याच्यापेक्षा पुढे असायचे. ढिगातून कपडा उचलायचा, झटकायचा, समोर धरायचा, खोक्यात टाकायचा. त्याला कोटाच्या आत कुणीतरी उभं दिसायचं. बाही कुठवर येईल, खांदा कुठे बसेल. एक राखाडी कोट सापडला, एखाद्या राक्षसाचा असावा असा. तो त्याने दोनदा नाकाशी नेला, कुणाचा कोण जाणे, कापूर आणि तंबाखूचा वास. नीट घडी घातली. मग एक लांब पँट. मग लोकरी मोजे, तेही मोठे. बूट शोधायला तर तो बाकावर चढला आणि वरची सगळी पोती खाली घेतली. त्याला कळतच नव्हतं तो काय करतोय. त्याच्या मनात तेव्हा फोनमधली बाई बोलत होती, एवढंच त्याला आठवतं.

चिकटपट्टी लावायच्या आधी प्रत्येक खोकं नर्सबाई उघडून बघायच्या. त्या दुपारी त्यांनी ह्याचं खोकं ओढलं. वरचा कोट उचलला. खालची पँट. शर्ट. बनियन. दुसरा शर्ट. मफलर. बूट. पुन्हा एक स्वेटर. सगळं एकाच मापाचं, सगळं लांबच लांब.

"लिफ्टवाले," बाई म्हणाल्या, "हे काय हो? तिकडची माणसं तुमच्यामाझ्याएवढी असतात. हा कोट त्यांच्यातल्या दोघांना मिळून होईल."

विमावाला लगेच, "काकांनी विजेच्या खांबासाठी भरलंय." सगळे हसले.

"अहो, थट्टा सोडा," बाई खोक्यात हात घालून तळ चाचपत होत्या. "एका खोक्यात एक घर सांगितलं होतं ना मी? हा एकटाच पुरुष. ह्या घरात बाई नाही का? पोरं नाहीत?"

लिफ्टवाला खोक्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ते मला माहीत नाही."

"अहो, माहीत कसं असेल, आपण धरून चालायचं—"

"नाही, म्हणजे मी विचारलंच नाही त्याला. लग्न केलं असेल. त्याची आई असती तर तिने विचारलं असतं."

बाई त्याच्याशेजारी बाकावर बसल्या, कोट मांडीवर घेऊन. दवाखान्यात चाळीसेक वर्षं काढलेली बाई ती, कधी गप्प बसायचं ते तिला कळतं. ह्याने सांगितलं. एका दमात नाही, तुकड्या तुकड्याने, आणि उलट्या क्रमाने. आधी फोनमधली बाई सांगितली, मग झोपलीय सांगितलं, आणि अगदी शेवटी जहाज. सांगताना कुणाकडे बघत नव्हता, कोटाच्या एका बटणाशी बोलत होता. मला वाटलं माणसं आता कुजबुजणार. पण इस्त्रीवाल्या काकूंनी नुसती इस्त्री उभी करून ठेवली. विमावाल्याचा चेहरा पडला होता. तो पुढे आला, "काका, मी ते पाण्यावर लागत नाही म्हणालो..." लिफ्टवाला म्हणाला, "अरे, तुला काय ठाऊक. मीच तुला जहाज दिलं होतं."

बाईंनी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. लागला. तिने विचारलं, ओळखायचं कसं? बाईंनी ह्याच्याकडे पाहिलं. हा म्हणाला, "उंच आहे. डाव्या भुवईवर खूण आहे. आणि जास्त बोलत नाही." मैत्रीण म्हणाली, बघते. लिफ्टचं काम येणारी बरीच माणसं पडलेल्या इमारतींत उतरायला नेली आहेत, अडकलेल्यांना काढायला. कोण कुठे आहे काही कळत नाही. इथले फोन सुरू होताहेत हळूहळू. त्याच्याकडे चालू फोन असेल तर तोच करेल घरी.

मग बाई उठल्या. त्यांनी त्या खोक्यात एका बाईचा स्वेटर ठेवला, एक शाल ठेवली, पातेलं ठेवलं. "असू दे," म्हणाल्या, "असेल तर उपयोगी पडेल, नसेल तर कुणाला देईल तो." लहान पोराचा एक स्वेटर उचलला तेव्हा लिफ्टवाल्याने त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं, नको म्हणतोय. तर म्हणाला, "जरा लांब बाहीचा बघा." खरं म्हणजे ते खोकं कुणाच्या हातात पडेल ते आम्हांला सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्याही. हजारात एक. पण त्यावर पट्टी लावायला चारजण पुढे आले, आणि विमावाल्याने ते ट्रकपर्यंत स्वतःच्या डोक्यावरून नेलं.

ते होऊन आता बरेच दिवस झाले. बातमी नाही. ना चांगली, ना वाईट. लिफ्टवाला घरी असतो, फोन समोर ठेवून. ती यंत्रातली बाई आता बोलत नाही म्हणतो, आता नुसती घंटा जाते. घंटा जाते, म्हणजे फोन कुठेतरी आहे, पण कुणी उचलत नाही. आणि ती घंटा ऐकताना, तळवा आडवा धरून उभा असलेला पोरगा त्याला दिसतो. हे तो मला जिन्यात म्हणाला आणि वर निघून गेला.

मधे एक दिवस नर्सबाईंनी वर जाऊन विचारलं त्याला, "समजा, आता वाजला. काय बोलाल?"

"बरा आहेस ना, म्हणेन."

"मग?"

"मग..." त्याने मागे वळून पाहिलं.

बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, ह्याला सवय करायला हवी. तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्यात. रोज एकजण त्याला फोन करतो. विमावाला त्याला पॉलिसी समजावतो, इस्त्रीवाल्या काकू नवऱ्याची चुगली करतात, मी जुन्या लिफ्टबद्दल विचारतो. पहिल्यांदा तीन शब्दांत संपायचं. आता परवा तो माझ्याशी बराच बोलला, त्या म्हातारीबद्दल, तिचा दोर कसा कुरकुरायचा त्याबद्दल, आणि मधेच म्हणाला, "तुमचे गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं हो. स्वतःहून. मला जिना चढून वर जाऊन त्याला मिठी मारावीशी वाटली, पण फोन ठेवावा लागला असता ना मग.

रविवार मात्र रिकामा राहतो. रविवारी कुणाच्या घरी पाहुणे, कुणी बाहेर. आणि रविवार म्हणजे त्याला सगळ्यांत जड. म्हणून तुम्हांला बोलावलं मी. नंबर देतो, लावा या रविवारी. कोण म्हणून विचारेल, सांगा वरच्या मजल्यावर नवीन आलोय. काहीही बोला, नळाचं बोला, खिडकीचं बोला. पोराबद्दल काही कळलं का, एवढं विचारू नका. थोड्या वेळाने तो म्हणेल, "बरं, घ्या, देतो." जुनी सवय. द्यायला तिथे कुणी नाही. तेव्हा तुम्ही फोन ठेवू नका हो. धरून ठेवा, आणि तो पुढचं काय बोलतो ते ऐका.